पितळेचा पंखा

पंखा पुन्हा पडला. फरशीवर टिण् असा आवाज झाला आणि तो घरंगळत कपाटाखाली गेला.

"पडला," आमचे हे म्हणाले.

"ऐकलं मी. बहिरी नाय झाले अजून." मी दारात बसून सुक्या बोंबलांची डोकी मोडत होते. "आता गम बदलायचा का हात बदलायचे, ते एकदा ठरवा."

हे गुडघ्यावर वाकून कपाटाखाली चाचपडत राहिले. शेवटी आमची सून उठली, जागृती. केरसुणीच्या काडीनं तिनं पंखा बाहेर ओढला, फुंकर मारली आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. परत जाऊन तांदूळ निवडायला लागली.

पंखा म्हणजे घरात फिरतो तो नव्हे. होडीच्या मागे पाण्याखाली फिरतो, तीन पाकळ्यांचा, तो. खऱ्या होडीचा पंखा एकट्या माणसाला उचलवत नाही. हा माझ्या करंगळीच्या नखाएवढा होता. यांनी पितळ कापून, कानशीनं घासून केलेला. आणि तो जिला बसवायचा ती होडीसुद्धा हातभर लांबीची, सागाची, आमच्या 'गावदेवी प्रसन्न'सारखी हुबेहूब. केबिनची खिडकी कुठे, जाळं ओढायचा रहाट कुठे, सगळं यांच्या डोक्यात होतं. टेप कधी लावली नाही.

खरी होडी दोन वर्षांमागे कार्तिकात गेली. वाऱ्यानं उलटली. दोघे खलाशी रिकाम्या कॅनला धरून तरंगत राहिले, त्यांना दुसऱ्या होडीनं उचललं. होडी सापडली नाही. माझा हरेशही सापडला नाही.

भटजी म्हणाले होते, दर्भाचा पुतळा करा, त्याला अग्नी द्या, म्हणजे तो सुटला आणि तुम्हीही सुटलात. यांनी भटजींना दारातूनच परत पाठवलं. "माझा पोर काय गवताचा होता? मी त्याची होडी करतो. नारळी पुनवेला खाडीत सोडतो. तीच त्याची चिता." गावानं ऐकून घेतलं. यांना, हिराजी नाखव्याला, नाही म्हणणारं बंदरावर कोणी नव्हतं, घरात मी सोडून. आणि मीही तेव्हा गप्प बसले. अट एकच होती, होडी पुरी पाहिजे. "नाखव्याच्या पोराला अर्ध्या होडीत बसवायचा नाय," हे म्हणाले.

लाकूडकाम कधीच झालं होतं. अडलं होतं ते पितळ. पंखा, सुकाणूचं पातं, नांगर, नाळेवरचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरचा दिवा आणि दोर गुंडाळायचे चार खुंट. हरेशच्या बारशाला माझ्या भावानं पितळेचा चंबू दिला होता, तो कापून हे सगळं केलं. लाकडाला काही म्हणजे काही धरेना. आज बसवलं की उद्या खाली. मागची नारळी पुनव अशीच गेली होती.

सुताराचा पांढरा गम लावून झाला. चपलांना लावतात ते पिवळं सोल्युशन झालं, त्याच्या नुसत्या तारा निघायच्या शेवयांसारख्या. ती झटकन चिकटणारी बारकी नळी आणली, तर यांचा अंगठा आणि तर्जनीच एकमेकांना चिकटली. मी गरम पाण्यात हात बुडवून सोडवली. "बरं झालं," मी म्हटलं, "हाताला हात तरी धरला." जागृती तेव्हा हसली होती. त्या दोन वर्षांत मी तिला हसताना पाहिलं ते तेवढंच.

सगळ्या बंदराला माझ्या तोंडाचा धाक. लिलावात मी टोपली धरली की दलाल दुसरीकडे बघायचा. पोलिसपाटलाला मी भर बाजारात 'मडक्या' म्हटलेलं आहे. आणि त्या नखाएवढ्या पितळेपुढे माझं काही चालत नव्हतं.

त्याच दुपारी जागृतीचा भाऊ आला, मोरेश्वर. भला माणूस, पण बोलायला लागला की आधी खोकतो.

"मावशी, पुनव आली जवळ."

"पंचांग आमच्या घरी पण हाय."

"तसं नाय. होडीचं काय झालं ते विचारायला आलो."

"ती बघ. पंखा नाय, नांगर नाय. तुझ्या हाताला गुण असला तर तू बसव."

तो खोकला. हे ओटीवर कानस घासत होते, त्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू तो म्हणाला, "उरणचे लोक विचारतात. मुलगा गोदीत क्रेन चालवतो. पहिली बायको बाळंतपणात गेली, पदरी बारकी मुलगी हाय. निर्व्यसनी हाय, मावशी. पण तो तरी किती थांबणार? विधी झाल्याबिगर मी बोलणी करायची कशी? माझी बहीण आज ना सवाष्ण, ना..."

"बोल. ना काय?"

चुलीजवळ भांड्यांचा आवाज चालू होता तो थांबला.

तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या मीच ठेवायला लावल्या होत्या. हरेश गेल्याच्या महिन्यात चार बायका आल्या होत्या, तोंडाला पदर लावून. मी त्यांना सांगितलं, माझ्या दारात हिच्या बांगड्यांना जी हात लावील तिच्या हातात मी कोयता देईन, आधी माझी मान कापायची. त्या गेल्या. मला वाटलं मी सुनेला वाचवलं.

"मावशी, तिला सोडवा," मोरेश्वर म्हणाला.

"पुनवेला होडी जाईल," मी म्हटलं. "जा. लिहून घेऊन जा पाहिजे तर, मला अंगठा लावता येतो."

तो गेला. चुलीजवळचा आवाज पुन्हा चालू झाला.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात सुकं विकून झाल्यावर कांतीशेठच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. मी पायरी चढले की त्याचा नोकर उदबत्ती लावायचा, वासासाठी. मी ते बघून न बघितल्यासारखं करायची.

"मावशी, परत गम?"

"तुझा गम नाय, थुंकी हाय. थुंकी बरी, दुकानात तरी यावं लागत नाय."

तो हसला. "वस्तू कशाची, बसवायची कशावर, ते सांगा आधी. नुसतं गम गम काय?"

मी सांगितलं. पितळेचे नखाएवढे तुकडे, सागाच्या होडीवर.

"मग पांढरा चालायचा नाय. तो लाकडाला लाकूड धरतो. पिवळा चामड्याला, रबराला. झटपटवाली नळी पितळ धरते, पण वाकडं बसलं की वाकडंच, सरकवायला वेळ देत नाय. जरा ठेच लागली की काचेसारखी तुटते, आणि पितळेवर पांढरं धुकं आणते ते वेगळंच." त्यानं मागच्या फळीवरून एका पुठ्ठ्याला लावलेल्या दोन नळ्या काढल्या. "बारीक कामाला हा. दोन्हीतलं सारखं घ्यायचं, काडीनं कालवायचं. सावकाश धरतो, तेवढ्यात तुमी वाकडं सरळ करून घ्या. एकदा धरला की बाप आला तरी सोडत नाय."

"एवढा गुणाचा होता तर आधी का दिला नाय?"

"दिला की. मागल्या महिन्यात काकाच घेऊन गेले."

"तो पण सुटला."

"सुटेल कसा?" कांतीशेठ खिळे मोजत होता, तो थांबला. "पितळ पॉलिश पेपरनं घासलं होतं? गुळगुळीत पितळेवर गमाला पाय रोवता येत नाय."

"दिवसभर घासतातच. त्यांना दुसरं काम काय?"

"मग तेल लागत असेल कुठंतरी. नुसता तेलाचा हात लागला तरी संपलं. तेलावर कुठलाच गम बसत नाय मावशी, विलायतेहून आणा."

मी पुठ्ठा पिशवीत टाकला आणि बाहेर आले. बाजारात माणसं येत-जात होती आणि मी तशीच रस्त्यात उभी राहिले.

यांच्या फळीवर कानस असायची, पॉलिश पेपर असायचा, गमाची नळी असायची आणि एक औषधाची बाटली असायची, खोबरेल भरलेली. ती बाटली मी रोज उचलून केर काढत होते. आमच्या घरात रीत आहे. होडीला नवीन काही बसवायचं, खिळा असो नाही तर इंजिन, तर बसवण्याआधी घरातल्या वडील माणसानं त्याला तेल लावायचं, हात जोडायचे. सासऱ्यांना मी ते करताना पाहिलं, मग यांना. इतकं डोळ्यांसमोरचं की मला ते दिसतच नव्हतं.

घरी आले तर जागृती मागच्या दारी भांडी घासत होती.

"बाबा त्या पितळेला तेल लावतात?"

तिनं वर बघितलं नाही. "हो."

"चिकटवायच्या आधी?"

"आधी तेल लावतात, हात जोडतात, मग गम."

"आणि त्यानंच सुटतं, ते तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून, आई."

"मग दोन वर्षं तोंडात काय बोंबील धरलावतास?"

तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. राखेनं भरलेले हात तसेच वर धरून बसली.

"कसं बोलू? मी बोलले असते तर तुमी म्हणाला असतात, हिलाच घाई झालीय."

मी म्हटलंच असतं. ह्याच शब्दांत म्हटलं असतं. मी तिच्या हातावर पाणी ओतलं आणि ओटीवर गेले.

"नाखवा," मी म्हटलं. रागात असले की मी यांना नाखवा म्हणायची. होडी गेल्यापासून ते नाव मी तोंडात घेतलं नव्हतं. यांची कानस थांबली.

"ते तेल बंद करा."

"कांतीशेठ बोलला?"

"कोण बोलला ते जाऊ दे. तेलावर गम बसत नाय."

"चाळीस वर्षं इंजिनाच्या तेलात हात घातलेत मी," हे म्हणाले. "ते मला कांतीशेठनं शिकवायचं?"

मला वाटलं, मी काहीतरी भलतंच ऐकलं. "म्हणजे ठाऊक हाय तुमाला."

हे पंख्याची पाकळी अंगठ्यानं पुसत राहिले.

"अवो, मग नंतर लावा! आधी चिकटवा, मग पिंपभर तेल ओता. देवी काय आधी-नंतर बघत बसणार हाय?"

"आधीच लावायचं असतं."

"कोणी सांगितलं?"

"त्या दिवशी पंखा नवा बसवला होता, चांगुणा." आवाज इतका साधा, जसं काही भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगतात. "जुन्याची पाकळी वाकली होती. हरेश दारात आला, म्हणाला, बाबा, तेल लावायला चला. मी जेवत होतो. म्हटलं, तू ये जाऊन, आल्यावर लावू."

मी तिथेच होते त्या दिवशी. मीच वाढत होते. हरेश दारात आलेला मला आठवतो, पाण्याचा कॅन खांद्यावर, पण तो काय बोलला ते मी ऐकलं नव्हतं. माशांचं कालवण उतू जात होतं.

"कोरडा गेला तो पंखा," हे म्हणाले.

माझ्याजवळ प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. लग्नात सासूनं मला विचारलं होतं, एवढी जीभ कुठून आणलीस, तर मी म्हटलं होतं, माहेरच्या हुंड्यात आली. त्या दिवशी मी यांच्यासमोर उभी राहिले आणि एक शब्द सापडेना. तेल लावा म्हणावं तर सुनेचा जन्म अडकतो. लावू नका म्हणावं तर ह्या माणसाला मी पुन्हा त्याच ताटावर बसवते, पोर दारात उभा असताना. मी आत गेले. भात शिजला होता, तो उतरवला. दुसरं काय करणार?

पुनवेच्या आदल्या दिवशी दुपारी बंदरावरची पोरं यांना बोलवायला आली. कोणाच्या तरी नव्या होडीचं इंजिन ऐकायचं होतं. आवाजावरून खोट सांगायचे हे, डॉक्टर छाती ऐकतो तसं. हे टोपी घालून गेले.

ते वळणाआड जाईपर्यंत मी दारात थांबले. मग म्हटलं, "जागृती, तुझी ती नखांचा रंग पुसायची बाटली हाय अजून?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पेटीतून काढून आणली. लग्नातली होती. तळाला थोडंसं राहिलं होतं. बूच उघडलं आणि घरभर तिच्या लग्नाचा वास पसरला. ती मागे सरकून भिंतीला टेकली.

मी आधी माझेच हात सोड्यानं धुतले, तीनदा. मासळीवालीचे हात, साबणाला दाद देत नाहीत. मग एकेक तुकडा त्या पाण्यानं पुसला. फडकं पिवळं झालं. दोन वर्षांचं तेल. मग पॉलिश पेपरवर हलकंसं घासलं, बूड खरखरीत होईपर्यंत. फुटक्या कपाच्या बशीत दोन्ही नळ्यांतलं सारखं काढलं, आगकाडीनं कालवलं.

जागृतीनं पंख्याकडे हात केला.

"हात लावू नकोस."

"तुमची बोटं जाड हायत, आई. मी पटकन..."

"जाड तर जाड. तुझ्या हातानं नाय व्हायचं हे." मी तिच्याकडे न बघता बोलले. "उद्या कोणी विचारलं तर सासूनं केलं म्हणायचं. आणि कोणी नाय विचारलं, तुझं तुलाच वाटलं, तरी तेच म्हणायचं. कळलं?"

ती आत गेली. मला वाटलं रडायला गेली. तर भुवया कोरायचा चिमटा घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवला.

त्या चिमट्यानं मी बसवलं सगळं. खुंट. दिवा. नांगर. सुकाणू वाकडं बसलं, ते सरकवून सरळ केलं, गमानं तेवढा वेळ दिला. पंखा शेवटी. श्वास सोडला की हात हलायचा, म्हणून श्वास धरून ठेवायचा. कापडाच्या पट्टीनं बांधून होडी फळीवर ठेवली आणि वर टोपली झाकली, घरात मांजर असल्यासारखी.

हे आले तेव्हा दिवेलागण झाली होती. टोपली दिसली तसे थांबले. टोपली उचलली, पट्टी सोडली. अंगठ्यानं पंखा दाबून बघितला. मग नांगर.

"कोणी?"

"मी."

"तेल?"

"नाय लावलं."

हे खाली बसले. टोपी काढायचं राहिलं होतं.

"मग बुडेल ती, चांगुणा."

"बुडायलाच तर सोडायचीय," मी म्हटलं.

आयुष्यात पुष्कळांना पुष्कळ बोलले, त्यातलं एकही परत घ्यावंसं वाटलं नाही. हे मात्र तोंडातून निघालं आणि ते हवेतच धरून पुन्हा गिळावं असं वाटलं. हे माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांत राग असता तर मला निभावता आलं असतं.

पुनवेला सगळं बंदर धक्क्यावर होतं. बँड वाजत होता, सोनेरी कागदाचा नारळ डोक्यावर घेऊन पोरं नाचत होती. आम्ही उलटीकडे गेलो, खाडीच्या तोंडाशी, जिथून होड्या बाहेर पडतात. हे, मी, जागृती आणि मागे मोरेश्वर. जागृती हिरवं लुगडं नेसली होती. बांगड्या भरून होत्या. मीच सांगितलं होतं, आज सगळं घालून ये.

ओहोटी लागली होती. यांनी होडी हातात घेतली, गुडघाभर पाण्यात गेले आणि थांबले. मग खिशातून ती औषधाची बाटली काढली.

मोरेश्वर खोकला. मी त्याच्याकडे बघितलं, तसा गप्प झाला.

होडी काखेत धरून यांनी तळहातावर तेल घेतलं. पहिल्या खुंटाला लावलं आणि नखात धरून ओढलं. मग दुसऱ्याला. घाई नव्हती. दिव्याला लावलं, ओढलं. नांगराला लावलं. सुकाणूला. प्रत्येक वेळी थोडा जास्त जोर. कोणाला वाटेल, माणूस तपासून बघतो आहे. मी त्यांच्या नखाकडे बघत होते. जागृती पाण्यात उतरली होती, लुगडं भिजत होतं, आणि तीही तिथेच बघत होती. एक तरी निघेल, मग होडी पुरी नाही, मग आज सोडायची नाही. एवढ्यातून एखादा तरी सुटेल. माझी बोटं जाड, माझं काम ते काय.

शेवटी पंखा. त्यांनी तेल लावलं, हात जोडले, मग दोन नखांत पाकळी धरली आणि पिळली. अंगठ्याचं नख पांढरं झालं.

धक्क्यावर बँड थांबला होता. नारळ पाण्यात पडला असणार.

"धरलंय," हे म्हणाले, आणि होडी सोडायला माझ्या हातात दिली.